जळालेल्या घराचं भाडं

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १०८ नंबरचं एक लांबलचक कलम आहे. भाडेकरूने काय करायचं आणि मालकाने काय करायचं, याची ती यादी. तिच्यातल्या एका पोटकलमात पाच संकटं ओळीने उभी आहेत: आग, वादळ, पूर, सैन्याचा हिंसाचार आणि जमावाचा हिंसाचार. शेवटी जोडलंय, ‘किंवा न रोखता येणारी इतर कुठलीही शक्ती’.

आमच्या महाड-पोलादपूरकडच्या माणसाला ही यादी वाचताना गावाचा इतिहास वाचल्यासारखं वाटेल. सैन्य म्हणाल, तर मे १८१८ मध्ये इंग्रज फौजेने रायगडावर तोफा डागल्या, गोळ्यांनी गडावरचे वाडे पेटले आणि १० मे रोजी गड पडला. जमाव म्हणाल, तर २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याचं पाणी प्यायलेले लोक आता देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या माणसांवर महाडमध्ये हल्ला झाला. वादळ म्हणाल, तर ३ जून २०२० चं निसर्ग. पूर म्हणाल, तर जुलै २०२१ मधली सावित्री. त्याच पावसात तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही कोसळली. राहिली आग. ती तर दर उन्हाळ्याची. राब भाजताना ठिणगी उडते, डोंगरावर वणवा पेटतो, आणि कधी गोठा जातो, कधी घर.

कायदा पुढे सांगतो की यांपैकी कशानेही भाड्याच्या जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामाला ती मोठ्या प्रमाणात आणि कायमची निकामी झाली, तर भाडेपट्टा रद्द होऊ शकतो. कुणाच्या इच्छेने? भाडेकरूच्या. मालकाच्या नाही, आपोआपही नाही. अट एकच: नुकसान भाडेकरूच्याच चुकीने झालेलं नसावं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. घर पोलादपूर तालुक्यात, इंजिनिअरिंग लोणेरेला, नोकरी पुण्यात, आणि गेली सहा वर्षं भाड्याच्या घरात. आग लागली की सगळे विचारतात, ‘चूक कुणाची?’ मीही तेच विचारायचो. पण या पोटकलमाचा इतिहास वाचत गेलो तसं दिसलं की त्या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा असतो आणि भांडणं बहुतेक वेळा त्याच्यावर होतात. चूक कुणाचीच नसेल, तर आता पुढचं ठरवणार कोण? राख झालेल्या जागेवर राहायचं की निघायचं, याचा निर्णय कुणाच्या हातात? हा निर्णय भाडेकरूच्या हातात यायला तीनशेहून जास्त वर्षं लागली. आणि आपण तो एका सहीत परत देऊन टाकतो.

घर गेलं तरी भाडं चालू

सुरुवात होते इंग्लंडमध्ये. १६४७ साली पॅराडाइन विरुद्ध जेन असा एक खटला चालला. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं होतं. जेन हा भाडेकरू. राजपुत्र रुपर्टच्या सैन्याने त्याला जमिनीवरून हाकललं आणि काही वर्षं त्याला तिथे पाऊल ठेवता आलं नाही. मालकाने त्या काळाचं भाडं मागितलं. जेन म्हणाला, सैन्य आलं त्यात माझा काय दोष? न्यायालयाने सांगितलं, दोष नसेल, पण भाडं देईन असा शब्द तू बिनशर्त दिला होतास. दे.

त्या काळच्या विचारात भाडेपट्टा म्हणजे जमिनीचा एक तुकडा ठरावीक काळासाठी विकत घेणं. विकत घेतलेली वस्तू नंतर बिघडली तर विकणाऱ्याकडे जाता येत नाही, तसंच हे. वरचं घर जळालं तरी खालची जमीन आहे, म्हणून भाडंही आहे.

१९ वर्षांनी, २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे, लंडनमधल्या पुडिंग लेनवरच्या एका बेकरीत आग लागली. चार-पाच दिवसांत १३,००० च्या वर घरं गेली. शहरातले असंख्य लोक भाडेपट्ट्यावर राहत होते, आणि बऱ्याच पट्ट्यांत लिहिलेलं होतं की घराची दुरुस्ती भाडेकरूने करायची. म्हणजे ज्याचं सगळं जळालं त्यानेच घर पुन्हा बांधायचं, वर न चुकता भाडंही द्यायचं. जुना नियम अक्षरशः लावला असता तर लंडन उभंच राहिलं नसतं. भाडेकरू परागंदा झाले असते आणि मालक रिकाम्या जमिनीकडे बघत बसले असते.

म्हणून संसदेने खास न्यायालय नेमलं, फायर कोर्ट. फेब्रुवारी १६६७ मध्ये ते सुरू झालं. न्यायाधीश मानधन न घेता बसायचे. त्यांची रीत साधी होती: दोघांना समोर बसवायचं आणि विचारायचं, पुन्हा बांधायला कोण तयार आहे? भाडेकरू तयार असेल तर त्याचं भाडं कमी करायचं, पट्ट्याची मुदत वाढवायची. तो तयार नसेल तर त्याला मोकळं करायचं आणि मालकाला बांधू द्यायचं. शब्दाला शब्द लावण्यापेक्षा शहर उभं राहणं मोठं मानलं गेलं. लंडन शहराने पुढे या न्यायाधीशांची तैलचित्रं काढून घेतली. घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणं मिटवल्याबद्दल एवढा मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मुंबईनेही अशी आग पाहिली, पण उत्तर वेगळं निघालं. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातल्या बाजारात आग लागली आणि कोटातल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. जोनाथन डंकन तेव्हा गव्हर्नर होते. इथे मालक-भाडेकरू असा हिशेब करत बसण्यापेक्षा सरकारने संधी साधली. किल्ल्याभोवतीचं मैदान वाढवलं आणि लोकांना कोटाबाहेर वसायला लावलं. बाहेरच्या मुंबईची दाट वस्ती वाढण्यामागे ही आग आहे. लंडनमध्ये निर्णय न्यायाधीशांनी दोघांना विचारून घेतला. मुंबईत तो सरकारने परस्पर घेतला.

खेडं कायद्याबाहेर, बाजारपेठ आत

१८७९ मध्ये हिंदुस्थानासाठी कायदे लिहायला एक आयोग बसला. त्यात व्हिटली स्टोक्स, चार्ल्स टर्नर आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रेमंड वेस्ट होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा या आयोगाच्या हातून पुढे सरकला. इंग्लंडमधला ‘घर गेलं तरी भाडं चालू’ हा नियम इथे जसाच्या तसा आणला गेला नाही. आग, वादळ, पूर, सैन्य, जमाव यांची यादी करून भाडेकरूला बाहेर पडायचा दरवाजा ठेवला. जेनला जे मिळालं नाही ते, निदान कागदावर, महाडच्या भाडेकरूला मिळणार होतं.

पण लगेच नाही. १८८२ चा हा कायदा मुंबई इलाख्याला १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. आणि शेतीच्या भाडेपट्ट्यांना त्याने बाहेरच ठेवलं. म्हणजे महाड-पोलादपूरच्या बहुसंख्य माणसांचा त्याच्याशी संबंध आला नाही, कारण ती खोताची कुळं होती.

तिथे संकटाची वाटणी खंडाच्या पद्धतीतच दडलेली असायची. कूळ अर्धेलीने कसत असेल तर निम्मं पीक खोताचं, निम्मं कुळाचं. पीक जळालं किंवा वाहून गेलं तर दोघांचंही निम्मं गेलं. पण ठरावीक मक्ता असेल तर शेतात काही उरो न उरो, खोताचं माप भरून द्यायचंच. इंग्लंडच्या जेनची आणि मक्त्यावर कसणाऱ्या कुळाची अवस्था एकच. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन आला आणि कुळं जमिनीची मालक झाली. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे. इथे एवढंच लक्षात ठेवायचं की भाडं कसं ठरतं यातच संकट कुणाच्या डोक्यावर पडणार ते ठरून जातं.

१०८ व्या कलमाची खरी जागा होती बाजारपेठ. दुकानाचे गाळे, वखारी, माडीवरच्या खोल्या. आणि या कलमाच्या सुरुवातीलाच एक छोटी अट आहे, जी वाचताना डोळा तिच्यावरून घसरतो. करारात काही वेगळं ठरलं नसेल, किंवा स्थानिक रूढी वेगळी नसेल, तरच हे सगळं लागू.

आधी रूढीचं बघू. २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारात आमचंही दुकान बुडालं, म्हणजे बाबांचं. गाळा भाड्याचा. पाणी उतरल्यावर आत गुडघाभर गाळ, वर फुगलेली लाकडी फडताळं. बाबांनी फावडं हातात घेतलं तेवढ्यात गाळ्याचे मालक चालत आले. त्यांचंही घर बुडालेलं. बाबा म्हणाले, “शेठ, या महिन्याचं काय करायचं?” ते म्हणाले, “गाळ तुम्ही काढा, वायरिंग मी बघतो. गणपतीपर्यंत भाड्याचं नाव काढू नका.” संपलं. कागद नाही, वकील नाही. फायर कोर्टाचा न्याय दोन मिनिटांत झाला.

कायद्याप्रमाणे गेलो असतो तर बाबांना काय मिळालं असतं? काहीच नाही. कारण कलमातला शब्द ‘कायमची’ असा आहे. चिखल कायमचा नसतो. दुकान महिनाभर बंद राहिलं म्हणून भाडं थांबत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये नेमकं हेच सांगितलं. खान मार्केटमधल्या एका चपलांच्या दुकानाच्या भाडेकरूने टाळेबंदीतलं भाडं स्थगित ठेवायला मागितलं होतं. न्यायालय म्हणालं, जागा काही काळ वापरता आली नाही एवढ्याने हे पोटकलम लागू होत नाही.

याच्याही आधी, १९६८ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे फाळणीचा एक खटला आला होता. पश्चिम पंजाबातली जमीन १९४७ च्या सुरुवातीला एकाने पट्ट्याने घेतली, पैसे भरले, आणि फाळणीत त्याला सगळं सोडून भारतात यावं लागलं. त्याने भरलेलं भाडं परत मागितलं. मिळालं नाही. करार अशक्य झाला तर तो संपतो हा नियम भाडेपट्ट्याला लागत नाही, जमीन होती तिथेच आहे, असं न्यायालयाने सांगितलं. १६४७ आणि १९४७. मध्ये तीनशे वर्षं गेली आणि सैन्याच्या जागी सीमारेषा आली.

मग गाळेमालक आणि बाबांनी जे केलं तीच ‘स्थानिक रूढी’ म्हणायची का? म्हणता येईल, पण न्यायालयात रूढी सिद्ध करावी लागते. ते किती अवघड, हे महाडइतकं कुणाला माहीत असणार? चवदार तळं अस्पृश्यांना बंद ठेवायची रूढी फार पुरातन आहे, असं म्हणत काही जण डॉ. आंबेडकरांविरुद्ध दिवाणी न्यायालयात गेले. खटला दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाली काढला: रूढी सिद्ध झालेली नाही. तिथे तसं झालं ते न्यायाचंच झालं. पण धडा सगळ्यांना लागू आहे. ‘आमच्याकडे असंच चालतं’ एवढं म्हणून न्यायालयात भागत नाही. मालक चांगला आहे तोवर रूढी आहे. गाळा विकला गेला, मालकाचा मुलगा मुंबईहून आला, की उरतो फक्त कागद.

राखेचं भाडं कुणी हौसेने का देईल?

एक विचित्र गोष्ट इथे येते. घर जळालं तर भाडेकरू करार सोडून निघून जाईल असं आपल्याला वाटतं. पण भारतातली मोठी भांडणं उलटी झाली. जळालेल्या, पडलेल्या जागेचं भाडं भाडेकरू हट्टाने देत राहिले आणि मालक म्हणत राहिले, नको तुझं भाडं, जा.

कारण १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. कायदा तात्पुरता होता, पण पन्नास वर्षं मुदतवाढ घेत जगला. तोवर जमिनीचे भाव आकाशाला भिडले आणि भाडं तिथेच राहिलं. अशा वेळी आग लागली तर मालकाला घर गेल्याचं दुःख आणि भाडेकरू जाईल ही आशा एकदमच होते. भाडेकरूचं गणित वेगळं: महिन्याला शंभर रुपये देऊन मोक्याच्या जमिनीवरचा हक्क टिकत असेल तर राखेचंही भाडं स्वस्तच.

केरळातल्या अशाच एका जळालेल्या दुकानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल मालकाच्या बाजूने. इमारत भाड्याने दिली होती, इमारत गेली, भाडेकरूपण गेलं. पुढे, २००३ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाचा सूर बदलला: इमारतीच्या भाड्यात तिच्याखालची जमीनही असते, म्हणून इमारत पडल्याने भाडेकरूपण आपोआप संपत नाही.

दोन निकालांतला हा पेच सुटला तो महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात. शहा रतनशी खिमजी अँड सन्स विरुद्ध प्रपोज्ड कुंभार सन्स हॉटेल. इथे आग नव्हती, इमारत महापालिकेने पाडली होती. पण प्रश्न तोच. जुलै २०१४ मध्ये सरन्यायाधीश लोढा यांच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं की केरळच्या खटल्यातला निकाल बरोबर नव्हता. कायद्याने करार सोडायचा पर्याय भाडेकरूला दिलाय. तो त्याने वापरला तरच करार संपतो. आग, पूर किंवा महापालिका त्याच्या वतीने तो पर्याय वापरू शकत नाही.

१६४७ पासून निघालेला प्रश्न असा इथे येऊन थांबला. पण थांबा, तुम्ही भाडेकरू आहात का?

आपण भाडेकरू नाही

पुण्यात, मुंबईत किंवा महाडच्या एमआयडीसीजवळ फ्लॅट घेऊन राहणाऱ्या माझ्या पिढीच्या जवळजवळ सगळ्यांकडे जो कागद असतो त्याच्या माथ्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलेलं असतं. आपण त्याला भाडेकरार म्हणतो. कायदा त्याला परवाना म्हणतो. भाडेपट्ट्यात जागेवर तुमचा हक्क तयार होतो. परवान्यात फक्त ‘इथे राहिलात तर चालेल’ एवढी मुभा मिळते.

हा कागद जन्माला आला तो मालकांच्या भीतीतून, आणि ती भीती खोटी नव्हती. १९४० च्या भाड्यात अडकायचं नसेल तर भाडेकरू घेऊच नका, परवानाधारक घ्या. १९७३ मध्ये सरकारने कायदा बदलला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचा दर्जा दिला. मालक आणखी सावध झाले. शेवटी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. परवान्याची मुदत संपली की जागा लवकर परत मिळवायची सोय त्यात झाली, आणि एक स्पष्टीकरण जोडलं गेलं: लेखी परवाना करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणजे ‘कागदावर परवाना असला तरी खरं तर मी भाडेकरूच आहे’ हे सांगायला फारशी जागा उरली नाही.

परवान्याला १०८ वं कलम लागत नाही. त्याला लागतो सुविधाधिकार कायदा. तोही १८८२ चाच, आणि मुंबई इलाख्यात १८९१ मध्ये आणलेला. त्यात लिहिलंय की जागा नष्ट झाली, किंवा न आवरणाऱ्या शक्तीने ती कायमची इतकी बदलली की परवाना वापरताच येत नाही, तर परवाना रद्द झाला असं समजायचं. इथे मर्जी नाही, पर्याय नाही. आग लागली, घर गेलं, तुम्ही बाहेर.

एका परीने हे बरं वाटेल. अकरा महिन्यांच्या घराच्या राखेवर हक्क सांगून मी करणार काय? पण पर्याय जातो तेव्हा त्याच्यासोबत सौदा करायची ताकदही जाते. घर पूर्ण जळालं नाही, फक्त स्वयंपाकघर आणि हॉल काळा झाला, तर? जागा ‘नष्ट’ नाही, म्हणून परवाना चालू, महिन्याचे पैसे चालू. दुरुस्तीला तीन महिने लागले तर तीन महिने दोन घरांचे पैसे. आणि डिपॉझिट? बहुतेक मसुद्यांत एक ठरलेलं वाक्य असतं: नेहमीची झीज सोडून जागेचं काहीही नुकसान झालं तर ते परवानाधारकाने भरून द्यायचं. ‘काहीही’मध्ये आग येते का, ती कुणामुळे लागली तर येते, याबद्दल मसुदा गप्प असतो.

‘शॉर्टसर्किट’ म्हणजे कारण नव्हे

आता परत पहिल्या प्रश्नाकडे. चूक कुणाची?

पंचनाम्यात बहुतेक वेळा एक शब्द येतो, ‘शॉर्टसर्किट’. माझ्या कामात सर्व्हर पडला की ‘सर्व्हर पडला’ हे कारण म्हणून कुणी लिहून घेत नाही. का पडला ते शोधावं लागतं. शॉर्टसर्किटही तसंच, ती घडलेली घटना आहे. भिंतीतली वीस वर्षं जुनी वायर मालकाची. तिच्यावर एकाच सॉकेटमधून गीझर आणि इंडक्शन चालवणारा भाडेकरू. ढिला राहिलेला जोड कुणा तिसऱ्याच इलेक्ट्रिशियनचा. एमसीबी जास्त प्रवाह वाहिला तर तुटतो, आरसीसीबी करंट गळला तर तुटतो. पण ढिल्या जोडावर ठिणग्या उडत राहिल्या तर दोन्ही शांत बसू शकतात. आणि सर्व्हरचा लॉग उरतो, घराचा लॉग मात्र आगीत सगळ्यात आधी जळतो.

पुरावा नसतो तेव्हा खरा प्रश्न उरतो की सिद्ध करायची जबाबदारी कुणावर. जगाने याची वेगवेगळी उत्तरं दिली. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेत आगीला भाडेकरू जबाबदार धरला गेला. सुटायचं असेल तर त्याने दाखवायचं की आग दैवी अपघाताने लागली, बांधकामातल्या दोषाने लागली किंवा शेजारच्या घरातून आली. घर तुझ्या ताब्यात होतं, तूच सांग, असा तो विचार. इंग्लंडने १७७४ च्या कायद्यात उलट म्हटलं की अपघाताने लागलेल्या आगीबद्दल कुणावर दावा करता येणार नाही. पण १८४७ मध्ये तिथल्या न्यायालयाने स्पष्ट केलं की निष्काळजीपणाने लागलेली आग ‘अपघाती’ होत नाही. लाकडी घरांच्या जपानने १८९९ मध्ये ठरवलं की साध्या चुकीने लागलेली आग पसरली तर शेजाऱ्याला भरपाई देणं लागत नाही, फार मोठा बेजबाबदारपणा असेल तरच. मात्र भाडेकरूचं मालकाशी असलेलं कराराचं देणं तिथेही सुटत नाही.

आपल्याकडे सर्वसाधारण नियम असा की जो आरोप करतो त्याने सिद्ध करायचं. पण डिपॉझिट कुणाच्या हातात असतं? मालकाच्या. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात सिद्ध करायची जबाबदारी मालकावर, आणि व्यवहारात मात्र डिपॉझिट परत मिळवायला न्यायालयात जायची जबाबदारी तुमच्यावर. पन्नास हजारांसाठी कोण जातो?

विम्यानेही गणित बदलतं. मालकाने घराचा विमा काढला असेल तर त्याला पैसे मिळतील आणि तो शांत होईल, असं वाटतं. पण पैसे दिल्यावर विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहून, ज्याच्या निष्काळजीपणाने आग लागली त्याच्याकडे वसुलीला येऊ शकते. म्हणजे भांडण मिटत नाही, समोरचा माणूस बदलतो. घरगुती गॅसच्या अपघाताला तेल कंपन्यांचा विमा असतो: मृत्यू झाल्यास माणशी ६ लाखांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीला घटनेमागे २ लाखांपर्यंत. पण मालमत्तेचे हे पैसे ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यासाठी असतात. पोलादपूरच्या पत्त्यावरचा सिलिंडर पुण्याच्या फ्लॅटमध्ये पेटला तर काय, हा विचार आपल्यातले किती जण करतात?

चार ओळी

परवाना करार असो की भाडेपट्टा, महाराष्ट्रात तो लेखी करून त्याची नोंदणी करावीच लागते, आणि १९९९ च्या कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. म्हणजे कागद होणारच आहे. त्यात काय लिहायचं हे अजून दोघांच्या हातात आहे. १०८ वं कलम करारापुढे मान झुकवतं, ही त्याची कमजोरी आहे तशीच ती सोयही आहे. कायद्याने जे दिलं नाही ते कराराने देता येतं.

मी माझ्या चालू कराराला चार ओळी जोडून घेतल्या. एक, आग किंवा पुराने घर राहण्याजोगं उरलं नाही, मग ते कायमचं असो की तात्पुरतं, तर त्या दिवसापासून महिन्याचे पैसे थांबतील. दोन, दुरुस्तीला तीस दिवसांपेक्षा जास्त लागणार असतील तर करार सोडायचा की थांबायचं, हे मी ठरवेन. तीन, भिंतीतली वायरिंग आणि मीटरपासून बोर्डापर्यंतचं सगळं मालकाचं, बोर्डाला लावलेलं सगळं माझं. ताबा घेताना बोर्डाचे आणि एमसीबीचे फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर. चार, माझा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय आगीचं नुकसान डिपॉझिटमधून कापायचं नाही.

ब्रोकर म्हणाला, “सर, असं कुणी घालत नाही.” मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या आणि विचारलं, “आणि माझ्या वायरिंगमुळे तुझं सामान जळलं तर? ते कुठे लिहिलंयस?”

मग आम्ही पाचवी ओळ लिहिली.